न भरलेली बॅच

फ्रीझरमध्ये मुलांच्या रक्ताच्या सतरा नळ्या जमल्या होत्या आणि तपासणीचं किट एका वेळी चोवीस नळ्यांचं होतं. त्यामुळे आणखी सात मुलं आजारी पडण्याची आम्ही वाट पाहत होतो. असं लिहिलं की हे वाक्य भयंकर वाटतं. ऑफिसात आम्ही "बॅच पेंडिंग" म्हणायचो, तेव्हा काही वाटायचं नाही.

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. हॉस्पिटलात एखादं संशोधन चालू असतं, त्याला आम्ही स्टडी म्हणतो. त्या स्टडीची कागदपत्रं, सॅम्पल, सह्या, तारखा हे सगळं सांभाळणं हे माझं काम. या कामात बोलणं कमी आणि लिहिणं जास्त असतं. मी ते त्यासाठीच निवडलं होतं. खाली सगळी नावं बदलली आहेत.

स्टडी साधी होती. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन भागांत होतात. पहिले काही महिने हॉस्पिटलात कडक केमोथेरपी, आणि मग जवळजवळ दोन वर्षं घरी रोज एक गोळी. या दुसऱ्या भागाला मेंटेनन्स म्हणतात. काही मुलांच्या शरीराला ही गोळी पचवून बाहेर टाकता येत नाही. एका जीनमध्ये दोष असतो. मग नेहमीचा डोस त्यांना विषासारखा होतो, पांढऱ्या पेशी संपतात आणि साधा जंतूसुद्धा जिवावर उठतो. युरोपातल्या मुलांमध्ये हा दोष क्वचित दिसतो. आपल्याकडे तो बऱ्यापैकी सापडतो, पण डोस मात्र तिकडच्या पुस्तकातला. आपल्या मुलांना किती डोस झेपतो हे शोधण्यासाठी आमचे डॉक्टर देवरे यांनी ही स्टडी सुरू केली होती. पैसे एका ट्रस्टचे होते.

सतरावी नळी समृद्धी पगारेची. वय वर्षं सात. तिचे वडील, पगारे दादा, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. तयार झालेला पार्ट मोजून, तपासून पास करायचा की नाही हे ते ठरवतात. कन्सेंटची, म्हणजे संमतीची, नऊ पानं वाचणारे ते पहिलेच पालक. बाकीचे "कुठं करू सही?" एवढंच विचारतात.

"मॅडम, 'सहभागी व्यक्तीला थेट लाभ होईलच असे नाही' म्हणजे काय?"

"म्हणजे स्टडीचा फायदा समृद्धीलाच होईल असं आम्ही सांगू शकत नाही. पुढच्या मुलांना होईल."

"पण रिपोर्ट आला तर डॉक्टर बघतील ना?"

"हो, सरांना देतो आम्ही."

"मग लाभ आहेच की. उलटं कशाला लिहिता?"

"नियम आहे, दादा."

शेजारी समृद्धीची आई, सविताताई, तिच्या सलाइनकडे बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, करा की सही. ताईंचा पेपर तपासताय का?"

दादा हसले. सही केली, खाली तारीख घातली, तारखेखाली वेळही लिहिली.

इथे आमच्या कामाच्या दोन सवयी सांगायला हव्यात. पहिली, लॅब फक्त दोष सापडला तरच फोन करायची. बाकीच्यांचे निकाल नंतर एकत्र यायचे. त्यामुळे वॉर्डात सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं की फोन आला नाही म्हणजे ठीक. दुसरी सवय माझी. मेंटेनन्स सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाच्या फाइलला एक चेकलिस्ट लागते. तिच्यात सहाव्या ओळीवर जीन टेस्ट आहे. ही टेस्ट बाहेरच्या लॅबमध्येही होते, पण आमच्याकडे स्टडीत फुकट होत असल्यामुळे कोणी बाहेर पाठवत नसे. नळी फ्रीझरमध्ये ठेवली की मी त्या ओळीवर लिहायची, "पाठवली (स्टडी)". समृद्धीच्या फाइलवरही मी तेच लिहिलं.

त्यानंतर चार दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं. दोन परिच्छेद, सभ्य इंग्रजी. त्यांची उद्दिष्टं बदलली होती. ग्रँट पुढे चालू राहणार नव्हती. नवं किट येणार नव्हतं.

मी पत्र घेऊन ॲडमिन हेडच्या केबिनमध्ये गेले.

"सध्या कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "सीएसआरमधून काहीतरी करतोय मी."

"सर, मग सॅम्पल घेणं थांबवू का?"

"थांबवू? नंबर कमी दिसले तर पैसे कोण देईल? घेत राहा."

"आणि देवरे सरांना?"

"त्यांना मी सांगतो."

त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते मला फार नंतर कळलं. "फंडिंगचं जरा मागंपुढं होतंय, बघतोय मी," एवढंच. देवरे सरांना वाटलं, माझा पगार लांबणार आहे. त्या महिन्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" मी दोन्ही वेळा "हो सर" म्हणाले. त्यांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे.

सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी आपल्या नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करायचा असतो, तो पैसा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे तिघे जण आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये आले. प्रेझेंटेशन होतं. एक पेशंट फॅमिली हवी, असं आमच्या मार्केटिंगने सांगितलं होतं. पगारे जवळ राहतात म्हणून त्यांना बोलावलं. दादा हाफ डे टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. समृद्धीला नवा फ्रॉक आणि गुलाबी टोपी.

मार्केटिंगची मुलगी म्हणाली, "टोपी काढाल का प्लीज? फोटोत कळायला हवं ना."

सविताताईंनी टोपी काढली. समृद्धीचे केस परत आले होते, अर्धा इंच असतील. दाट आणि काळे. मार्केटिंगच्या मुलीचा चेहरा पडला.

"घ्या," सविताताई हळूच मला म्हणाल्या, "केस आले तर तेही चुकलं."

देवरे सर आठ मिनिटं बोलले. छान बोलले. मग कंपनीच्या मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं.

"व्हेरी नाइस, डॉक्टर. पण इम्पॅक्ट काय? म्हणजे आमच्या फंडमधून किती मुलं वाचतील?"

"डेटा हिच्याकडे असतो," सर म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले.

मला उत्तर माहीत होतं. आधीच्या बॅचेसमध्ये दोष सापडलेली मुलं होती, त्यांचा डोस कमी केला होता आणि ती शाळेत जात होती. नावं पाठ होती मला. पण दहा माणसं एकदम बघायला लागली की माझ्या तोंडून येतं ते रोज म्हटलेलं वाक्य.

"सहभागी व्यक्तीला थेट लाभ होईलच असे नाही," मी म्हणाले.

मग ॲडमिन हेड हसले. "शी इज व्हेरी ऑनेस्ट."

"दिसतंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पगारे दादा उभे राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "मॅडम, मी बोलू का? मी तुमच्याच कंपनीला माल देणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. इन्स्पेक्शनला."

"अरे वा!" मॅडमच्या शेजारचे साहेब म्हणाले. "काय बनवता?"

"ब्रॅकेट, सर."

"म्हणजे आमच्याकडे माल रिजेक्ट होतो तो तुमच्यामुळे तर!"

सगळे हसले. दादाही हसले आणि खाली बसले. त्यांना काय सांगायचं होतं ते राहून गेलं.

"आणि कंपनीचं नाव कुठे येईल?" साहेबांनी विचारलं.

"फ्रीझरवर स्टिकर लावता येईल," ॲडमिन हेड म्हणाले. त्यांना गंमत करायची होती, पण कोणी हसलं नाही. मग त्यांनी पाहुण्यांना वॉर्ड दाखवायला नेलं. कोपऱ्यात एक खोली होती, तिथे मोडक्या खाटा ठेवलेल्या. मॅडम दारात थांबल्या. "इथे मुलांसाठी प्ले-रूम केली तर? भिंतीवर जंगल वगैरे?" दहा मिनिटांत ठरलं. कोणती भिंत, कोणते प्राणी, बोर्ड कुठल्या उंचीवर.

लिफ्टपाशी दादांनी मला गाठलं. "मॅडम, मग पोरीच्या नळीचं काय?"

"बॅच भरली की होईल, दादा."

कागदावर हे वाक्य खोटं नव्हतं. ते कसं लिहायचं आणि कसं बोलायचं, हेच माझं ट्रेनिंग आहे.

ट्रस्टच्या पत्रानंतर अडीच महिन्यांनी समृद्धीचा मेंटेनन्स सुरू व्हायचा दिवस आला. देवरे सर ओपीडीत चेकलिस्ट मोठ्याने वाचत होते. वजन. लिव्हर. काउंट. "जीन टेस्ट, पाठवलेली. लॅबचा फोन?"

"नाही आला, सर," ज्युनियर डॉक्टर म्हणाली.

"चला मग. फुल डोस."

मी त्याच खोलीत होते. कपाटातून दुसऱ्या मुलाची फाइल काढत होते. "सर, टेस्ट झालेलीच नाही," चार शब्द. मी मनात हिशेब केला की बहुतेक मुलं नॉर्मलच निघतात, मग हीसुद्धा निघेल. आणि मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी फाइल काढली, कपाट लावलं आणि बाहेर आले.

समृद्धीने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन विचारलं होतं, "ही कडू आहे का?" सर म्हणाले होते, "शाळेपेक्षा कमी."

पहिल्या आठवड्याचा पांढऱ्या पेशींचा काउंट ठीक आला. दुसऱ्या आठवड्याचा थोडा कमी. मेंटेनन्समध्ये तसं होतं. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी सविताताईंचा मला फोन आला.

"ताई, हिचे केस परत गळायला लागलेत. उशीवर नुसता सडा. आता तर कडक औषध नाही ना चालू?"

"सोमवारी येताय ना? सरांना दाखवू."

"बाकी खेळतेय ती. जेवण जरा कमी झालंय. मी उगाच घाबरते का?"

"नाही, नाही. सोमवारी बघू."

अशा मुलांमध्ये गोळी जास्त होते तेव्हा केस एकदम जातात. ही खूण आहे. आमच्या स्टडीच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, ती लिहिलेली आहे. ते पान मीच टाइप केलं होतं.

शनिवारी ताप आला. रविवारी सकाळी ते तिला घेऊन आले. दादांनी तिला मोटरसायकलवर पुढे बसवलं होतं, मागे सविताताई. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. मला घरून बोलावून घेतलं. देवरे सर आयसीयूच्या बाहेर उभे होते.

"हिचा जीन रिपोर्ट दे."

"नाहीये, सर. बॅच लागलीच नाही. किट नाही."

"कधीपासून?"

"तीन महिने."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सिस्टरला म्हणाले, "ती गोळी बंद करा." मग मला म्हणाले, "तू बाहेर थांब."

त्याच दुपारी समृद्धीचं सॅम्पल मुंबईच्या एका खासगी लॅबकडे गेलं. एक फॉर्म भरायचा आणि कुरियर करायचं, एवढंच काम. तेही मीच केलं. पाचव्या दिवशी ईमेलवर रिपोर्ट आला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा जीनच्या दोन्ही प्रती सदोष. तिला फार तर नेहमीच्या डोसचा दहावा हिस्सा झेपला असता. सरांनी रिपोर्ट वाचला आणि फाइलला लावला. तोवर जंतू फुप्फुसात पोचले होते.

समृद्धी अकराव्या दिवशी गेली.

तिच्या कॅन्सरचं म्हणाल तर शेवटच्या तपासणीत त्याची एकही पेशी दिसली नव्हती.

फ्रीझरमध्ये नळ्या पडून असलेल्या बाकी सगळ्या मुलांच्या घरी देवरे सरांनी त्याच आठवड्यात स्वतः फोन केले. ज्यांच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्या थांबवल्या आणि सगळ्यांच्या टेस्ट बाहेरून करून घेतल्या. त्यात येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्याचा मुलगा सापडला. त्याची गोळी सुरू व्हायला आठवडा होता. त्याचा डोस कमी केला. आज तो ठणठणीत आहे. तो कशामुळे वाचला हे त्याच्या घरी कोणी सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलात मीटिंग झाली. मृत्यूचं कारण "सेप्सिस" लिहिलं गेलं, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. ते खरंच होतं. स्टडी अधिकृतपणे बंद करण्यात आली. माझी नोकरी गेली नाही. ॲडमिन हेड म्हणाले, "फाइलची कॉपी मागायला येतील. कॉपी द्यायची. बाकी आपण काही बोलायचं नाही. समजलं ना?"

दीड महिन्याने पगारे दादा आले. एकटेच. दाढी वाढली होती. मी फाइलची कॉपी त्यांच्यापुढे ठेवली. ते घेऊन जातील असं मला वाटलं होतं. पण ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. चाळीस मिनिटं तरी गेली असतील.

"मॅडम, हा जीनचा रिपोर्ट. ह्याच्यावरची तारीख ती ॲडमिट झाल्यानंतरची आहे."

"हो."

"आणि ह्या लिस्टवर लिहिलंय, पाठवली. ती तारीख त्याच्या लय आधीची. अक्षर तुमचं ना?"

"हो."

"मग आधीची नळी कुठंय?"

"फ्रीझरमध्ये."

"अजून?"

"अजून."

त्यांनी चेकलिस्टवर सहाव्या ओळीखाली बोट ठेवलं. ते बोट तिथेच राहिलं. "गोळी चालू केली त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं? तपासली नाय म्हणून?"

मला काय सांगायचं नाही ते सांगून ठेवलेलं होतं. मी दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं.

"हो, दादा. माहीत होतं."

त्यांनी बोट उचललं. मग म्हणाले, "आमच्याकडं असा घोळ सापडला ना, तर आधी लाइन बंद होते. मशीन बंद, माल बंद. चूक कोणाची ते मग बघतात. तुमच्याकडं काय बंद झालं?"

"स्टडी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पानं सरळ केली, कडा जुळवल्या, पिशवीत घातली. उठताना म्हणाले, "एक काम करा. सविताला फोन करा आणि हे तिला सांगा. तिला वाटतंय, केसांचं तिनं तुम्हाला फोनवर नीट सांगितलं नाय म्हणून पोरगी गेली. रोज तेच बोलते. माझं ऐकत नाय. तुमचं ऐकंल."

मी त्याच दिवशी फोन केला. सगळं सांगितलं, क्रमाने, तारखांसकट. सविताताईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं."

"हो, ताई."

"बरं." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

प्ले-रूम झाली आहे. छान झाली आहे, मुलं तिथे खरंच खेळतात. स्टडीसाठी देवरे सर अजून अर्ज करतात. उत्तरं येतात, सभ्य इंग्रजीत. जीन टेस्ट आता बाहेर पाठवतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सर कोणाकोणाला फोन करत बसतात.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. चेकलिस्टवरचा "पाठवली" हा शब्द काढून टाकला. आता सहावी ओळ कोरी राहते आणि रिपोर्टचा कागद प्रत्यक्ष फाइलला लागल्याशिवाय फार्मसी गोळी देत नाही. हा बदल सुचवणारा अर्धा पानाचा अर्ज मी ॲडमिनकडे दिला होता. त्याला खर्च काही नव्हता, त्यामुळे तो त्याच दिवशी मंजूर झाला.